रानांतील पक्षी, फुलपांखरें आणि कॅमेरा

गेल्या वर्षीं आपल्या शाळेंत भरलेल्या छायाचित्र-प्रदर्शनांत आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें बुलबुलाच्या घरट्याचें एक चित्र मांडलें होतें. घरट्यांत तीन पिल्लें, तिघांच्याही चोंची वर उघडलेल्या, आंतील तांबूस रंग उन्हांत लखलखीत उठून दिसत असलेला. त्या चित्रापुढें पाहणाऱ्यांची सारखी गर्दी होती. परीक्षकांमध्यें प्रस्तुत लेखकही होता. त्या चित्रास बक्षीस मिळालें नाहीं. समारंभ आटोपल्यावर तो विद्यार्थी माझ्याजवळ आला आणि शांतपणें म्हणाला, "सर, माझ्या चित्रांत काय चुकलें?" मीं त्यास "पुढें केव्हां तरी सांगेन" असें म्हणून वाटेस लाविलें. प्रश्न सरळ होता आणि उत्तरही मला ठाऊक होतें. परंतु तें देण्यासाठीं मला स्वतःची एक जुनी गोष्ट सांगावी लागली असती, आणि तेवढें धैर्य त्या वेळीं झालें नाहीं. वार्षिकाच्या संपादकांनीं या विषयावर लेख मागितला, तेव्हां हें राहिलेलें ऋण फेडण्याची संधि आली असें समजून लिहावयास बसलों आहें. प्रथम या छंदाविषयीं जें कांहीं शिकवितां येण्यासारखें आहे तें सांगतों. ती जुनी गोष्ट शेवटीं येईल.

उष्णकटिबंधांतील पक्षी व फुलपांखरें असें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें ॲमेझॉनचें अरण्य किंवा जावा-सुमात्रा हीं बेटें उभीं राहतात. वास्तविक कर्कवृत्त आपल्या राज्याच्या उत्तरेकडून, गुजरात व मध्य प्रदेश यांतून जातें. म्हणजे सबंध महाराष्ट्र आणि गोवा उष्णकटिबंधांतच मोडतात. ज्या सह्याद्रीच्या कुशींत आपण राहतों त्याची गणना जीवसृष्टीच्या दृष्टीनें जगांतील अत्यंत समृद्ध प्रदेशांत होते. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील निवडक स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी हीं आपल्याकडील स्थळें आहेत. तेव्हां परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. ज्यास घाटांतही जाणें साधत नाहीं, त्यानें शाळेच्या कुंपणापासून आरंभ करावा. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या झाडावर कॉमन मॉर्मन नांवाचें काळें फुलपांखरूं अंडीं घालतें. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहींत. हा चमत्कार पाहण्यास कोणत्याही अरण्याची गरज नाहीं.

या विषयांतील पहिला धडा कॅमेऱ्याचा नव्हे, डोळ्यांचा आहे. ज्या जीवाचें चित्र घ्यावयाचें तो कोठें बसतो, काय खातो, केव्हां बाहेर पडतो आणि कशास भितो, हें ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या हातीं कितीही मौल्यवान यंत्र दिलें तरी तो उडून जाणाऱ्या शेपट्यांचींच चित्रें काढील. डॉ. सालिम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळच्या किहीम गांवीं सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. शिडीवर कापडी लपण उभारून त्यांत ते तासन् तास बसत आणि समोरच्या घरट्यांवर काय चाललें आहे तें टिपून ठेवीत. नर घरटें अर्धवट विणतो. माद्या येऊन तें पारखतात. एखादीनें तें पसंत केलें कीं तो तें पुरें करितो आणि लगेच दुसरें विणावयास घेतो, ही मौजेची गोष्ट त्या बसण्यांतूनच उघड झाली. चित्र घेणाऱ्यानेंही असेंच बसावयास शिकलें पाहिजे. नव्या ठिकाणीं गेल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवींतून बाहेर काढूंच नये, असा नियम मीं स्वतःस घालून घेतला आहे. तेवढ्या वेळांत पक्ष्याची ठरलेली फांदी कोणती, पाण्यावर येण्याची त्याची वाट कोणती आणि ऊन कोणत्या बाजूनें येत आहे हें सर्व समजून येतें.

काळवेळाचा विचार त्यापुढील होय. हिंवाळ्यांत उत्तरेकडून पाहुणे पक्षी येतात व माळराने, तलाव गजबजतात. उन्हाळ्यांत घाटांतील ओढे आटूं लागले म्हणजे उरलेल्या डबक्यांवर सर्वांस यावेंच लागतें. तेथें दूर बसून राहणाऱ्यास पाठलाग न करितां पुष्कळ पाहावयास मिळतें. पावसाळ्याच्या आरंभीं कोंकणांत तिबोटी खंड्या येतो आणि ओढ्याच्या दरडींत बीळ कोरून पिल्लें वाढवितो. पाऊस ओसरूं लागला म्हणजे सप्टेंबर व ऑक्टोबर हे महिने फुलपांखरांचे होत. दिवसाच्या वेळा म्हणाल तर पक्ष्यांसाठीं सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वींचा एक तास उत्तम. फुलपांखरांसाठीं थोडें उशिरा, ऊन अंगास लागूं लागतें तेव्हां.

आतां यंत्राकडे वळूं. सदाहरित रानांत भर दुपारींही उजेड थोडा असतो, आणि जो असतो तो पानांतून गळून ठिपक्याठिपक्यांनीं पडतो. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकास पांढरें व काळें यांतील भेद कळत नाहीं. समोर दिसेल तें सर्व मध्यम करड्या छटेचें आहे असें गृहीत धरून तो उजेडाचा हिशोब करितो. यामुळें बगळ्याचें चित्र चौकटभर घेतलें तर तो मळकट करडा येतो. आणि उलट काळोख्या झाडींत स्वर्गीय नर्तकाचा शुभ्र नर लहानसा दिसत असेल, तर यंत्र सभोंवारचा काळोख पाहून उजेड वाढवितें व पक्षी पिसांची एकही रेघ न दाखवितां पांढऱ्या डागासारखा उमटतो. पहिल्या प्रसंगीं आपण होऊन उजेड वाढवावा, दुसऱ्या प्रसंगीं कमी करावा. यंत्र हिशोब करितें, विचार आपण करावयाचा असतो.

शटर किती वेळ उघडें राहावें हा दुसरा प्रश्न. स्वस्थ बसलेल्या पक्ष्यास सेकंदाचा २५० वा भाग पुरे होतो. उडत्या पक्ष्याच्या पंखांतील प्रत्येक पीस स्पष्ट हवें असेल तर सेकंदाचा २,००० वा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. शिवाय लांब पल्ल्याच्या लेन्समध्यें हाताचा बारीकसा कंपही मोठा होऊन दिसतो. म्हणून एक सोपें गणित लक्षांत ठेवावें: लेन्स ४०० मिलिमीटरची असेल तर हातांत धरून सेकंदाच्या ४०० व्या भागाहून अधिक वेळ शटर उघडें ठेवूं नये, ठेवावयाचेंच असेल तर तिवई घ्यावी किंवा झाडाच्या बुंध्याचा टेका घ्यावा. उजेड कमी पडल्यास आयएसओ वाढवावा. त्यानें चित्र थोडें दाणेदार होतें. परंतु दाणेदार चित्र वाचतां येतें, हललेलें चित्र वाचतां येत नाहीं. फोकस मात्र नेहमीं डोळ्यावर असावा. शेपूट पुसट आली तरी चालतें. डोळा पुसट आला कीं सारा पक्षीच निर्जीव वाटतो. शक्य असेल तेथें त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आपण यावें. टिटवीचें चित्र उभ्यानें घेतलें तर तिची पाठ दिसते; जमिनीवर पालथें पडून घेतलें तर तिचें जग दिसतें.

रंगांविषयींही येथें एक गोष्ट सांगावयास हवी. आपल्या बागेंत येणारा जांभळा शिंजीर पुष्कळदां निवळ काळा दिसतो, आणि त्यानें मान जराशी वळविली कीं एकदम निळ्याजांभळ्या तेजानें झळकूं लागतो. ही झळक एखाद्या रंगद्रव्याची नव्हे. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो त्यामुळें ती भासते, आणि म्हणून कोनागणिक बदलते. खंड्याच्या निळाईचेंही मूळ पिसांच्या रचनेंतच आहे. सूर्य आपल्या पाठीशीं ठेवून पक्ष्यानें मान वळविण्याची वाट पाहणें, एवढाच यावर उपाय. वाट पाहण्याचें काम कोणतेंही यंत्र आपणांसाठीं करीत नाहीं.

फुलपांखरांचा प्रकार थोडा वेगळा आहे. त्यांच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. सकाळीं तीं पंख पसरून उन्हांत बसतात आणि शरीर तापल्यावांचून त्यांस नीट उडतां येत नाहीं. नवशिक्यास हीच वेळ सोयीची. त्यांच्या संयुक्त डोळ्यांस हालचाल चटकन् कळते, म्हणून पाऊल हळू टाकावें, हात एकदम वर करूं नये, आणि विशेष म्हणजे आपली सांवली त्यांच्यावर पडूं देऊं नये. जवळून चित्र घेतांना स्पष्टतेची खोली फारच थोडी असते. एक पंख स्वच्छ व दुसरा धूसर असें होतें. यासाठीं लेन्सचें छिद्र एफ-८ ते एफ-११ इतकें लहान ठेवावें आणि मिटलेल्या पंखांची पातळी व कॅमेऱ्याची पाठ हीं एकमेकांस समांतर धरावीं. ओढ्याकांठच्या ओल्या वाळूवर कधीं कधीं फुलपांखरांची सभाच भरलेली दिसते. तीं बहुधा नर असतात व चिखलांतील क्षार शोषीत असतात. हे क्षार पुढें मीलनाच्या वेळीं मादीस मिळतात. अशा वेळीं तीं इतकीं गुंग होतात कीं पोटावर सरकत गेल्यास हातभर अंतरावरून चित्र घेतां येतें. परंतु घाईनें चालत जाऊन सारी सभा उठवून दिली, तर आपण केवळ एक चित्र गमावलें असें समजूं नये. त्यांचें अर्धें राहिलेलें जेवण आपण मोडलें.

चित्र सुंदर असावें तसें तें ओळख पटविणारेंही असावें. कॉमन मॉर्मन या फुलपांखराच्या कांहीं माद्या कॉमन रोझ नांवाच्या विषारी फुलपांखराचें सोंग घेतात. पंखांवरील पांढरे व तांबडे ठिपके इतके सारखे असतात कीं पक्षी फसतात आणि पुष्कळदां आपणही फसतों. खूण एकच: खऱ्या कॉमन रोझचें धड लाल असतें, सोंग घेणारीचें काळें. पंखांच्या मोहांत पडून धड चौकटीबाहेर राहिलें तर तें चित्र कोणाचें हें सांगणें कठीण होऊन बसतें. म्हणून पंखांची वरची बाजू, खालची बाजू आणि धड अशीं तिन्हीं अंगें टिपण्याचा यत्न करावा. आपल्या राज्यानें २०१५ सालीं ज्यास राज्य-फुलपांखराचा मान दिला तें नीलवंत असेंच पंख उघडून व मिटून अगदीं निरनिराळें दिसतें. राज्य-फुलपांखरूं ठरविणारें महाराष्ट्र हें भारतांतील पहिलें राज्य होय.

यंत्राची व स्वतःची काळजी घेणें हेंही या विद्येचें अंग आहे. कोंकणांतील दमट हवेंत लेन्सच्या कांचेवर बुरशी धरते. पावसाळ्यांत कॅमेरा हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. घाटांत ओल्या पालापाचोळ्यांत जळवा असतात. त्या त्रासदायक असल्या तरी घातक नाहींत. परंतु हिरव्या पानांत हिरवा होऊन बसलेला चापडा हा विषारी साप आहे. डोळा कॅमेऱ्यास लावून मागें मागें सरकणें आणि न पाहतां फांदीस हात घालणें या दोन संवयी रानांत जिवावर बेतूं शकतात. एकट्यानें जाऊं नये, घरीं सांगून जावें, आणि अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीवांचून चित्रें घेऊं नयेत.

या कलेचा इतिहास पाहिला तर ती बंदुकीस पर्याय म्हणून वाढली असें दिसून येतें. एकोणिसाव्या शतकांत पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो मारावयाचा आणि त्याचें कातडें पेटींत ठेवावयाचें, अशीच रीत होती. इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९२ सालीं अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें आणि १८९५ सालीं केवळ छायाचित्रांनीं सजविलेला घरट्यांविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पक्ष्यांस संशय येऊं नये म्हणून हे बंधू पेंढा भरलेल्या पोकळ बैलाच्या पोटांत लपून बसत! एरिक हॉस्किंग या छायाचित्रकारास तर १९३७ सालीं घुबडाच्या घरट्यापाशीं रात्रीं गेला असतां घुबडाच्या झडपेनें एक डोळा कायमचा गमवावा लागला; तरीही त्यानें हा व्यवसाय सोडला नाहीं. आपल्याकडे सिंगापूरचे लोक वान थो हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबईस आले असतां त्यांचा सालिम अलींशीं स्नेह जडला, आणि पुढें या जोडीनें भारतांतील पक्ष्यांच्या शोधांत पुष्कळ प्रवास केला.

छायाचित्र हा पुरावा कसा होतो याचें आपल्या मातींतील उत्तम उदाहरण म्हणजे रानपिंगळा. या लहानशा घुबडाचे अवघे सात नमुने जगभरच्या संग्रहालयांत होते आणि १८८४ सालानंतर खानदेशांत किंवा अन्यत्र तो कोणासही खात्रीनें दिसला नव्हता. १९१४ सालीं मिळाला म्हणून सांगितलेला एक नमुना पुढें तपासाअंतीं लबाडीचा ठरला: जुन्या संग्रहांतून चोरलेल्या पक्ष्यास नवी चिठ्ठी चिकटविलेली होती. अखेर १९९७ च्या नोव्हेंबरांत पॅमेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट या तिघां अमेरिकन अभ्यासकांस शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, उघड्या झाडावर तो पिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनीं लागलेल्या या शोधाची साक्ष चित्रफितीनें व छायाचित्रांनीं दिली. त्यासाठीं गोळी झाडावी लागली नाहीं. एका बाजूस खोटी चिठ्ठी लाविलेलें कातडें आणि दुसऱ्या बाजूस जिवंत पक्ष्याचें खरें चित्र, असा हा विलक्षण विरोध आहे. यावरून चित्राखालीं तारीख व स्थळ प्रामाणिकपणें लिहिणें किती अगत्याचें आहे तेंही दिसून येईल.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, बंदूक निरुपद्रवी झाली म्हणजेच कॅमेरा. तसें समजण्यांतच चूक आहे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलींत शिरून दार आंतून लिंपून घेते. चोंच बाहेर येईल एवढीच फट राहते. कित्येक आठवडे ती स्वतः व पुढें तिचीं पिल्लें नरानें आणून दिलेल्या फळांवर जगतात. त्या झाडाखालीं चार माणसें कॅमेरे रोखून बसलीं आणि नर भिऊन दूर राहिला, तर आंतील कुटुंब उपाशी राहतें. तिबोटी खंड्या जेमतेम १३ सेंटिमीटर लांबीचा. परंतु जांभळ्या, निळ्या व नारिंगी रंगांमुळें त्याच्या बिळासमोर छायाचित्रकारांची रांग लागते. चोंचींत पाल किंवा खेंकडा धरून तो समोरच्या फांदीवर बसतो, माणसें पाहून बिळांत शिरत नाहीं, आणि आपण मात्र "काय सुंदर बसला आहे!" म्हणून चित्रामागून चित्र घेत राहतों. तो आपल्यासाठीं बसलेला नसतो. आपण जाण्याची वाट पाहत असतो. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्यास जवळ बोलावणें हीही फसवणूकच आहे; आपल्या हद्दींत दुसरा नर शिरला असें समजून तो आपली शक्ति व्यर्थ वेंचतो. घरट्याचें ठिकाण मोबाईलवरून दहा जणांस कळविलें कीं दुसऱ्या दिवशीं तेथें शंभर पावलें उमटतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारीची जी व्याख्या आहे, तींत वन्य पक्ष्यांचीं अंडीं वा घरटीं यांस उपद्रव देणें याचाही समावेश केला आहे. कायद्याच्या दृष्टीनें तो शिकारी ठरतो. त्याच्या हातीं बंदूक असो वा कॅमेरा.

आतां ती जुनी गोष्ट. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, जूनच्या आरंभीं, तळकोंकणांतील एका गांवीं सुपारीच्या बागेलगत ओढ्यावर स्वर्गीय नर्तकाचें घरटें मला सांपडलें. कोळ्याच्या जाळ्यानें लिंपलेली वाटीसारखी ती सुबक रचना एका लवलेल्या फांदीच्या टोकास होती. पांढरा नर तींत बसला होता व त्याची शेपटी फितीसारखी खालीं लोंबत होती. त्या काळीं एका रोलमध्यें ३६ चित्रें असत आणि माझ्यापाशीं एकच रोल होता. घरट्यासमोर पानांचा एक डाहळा आडवा येत होता. मीं तो कापला. मोडला असें म्हणून पापाची मात्रा कमी करावीशी वाटते. परंतु खिशांतील चाकूनें, नीट विचार करून, मीं तो कापला. ऊन थेट घरट्यावर आलें. नर दोनदां उठला, दोनदां परत आला. मीं बारा चित्रें घेतलीं आणि आनंदानें परतलों.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं राहिलेला रोल संपवावा म्हणून गेलों तों घरटें रिकामें. जवळच्या फांद्यांवरून तांबूस मादी चोंचींत किडा घेऊन इकडून तिकडे उडत होती. घरट्याच्या कडेवर येई, आंत पाही, आणि किडा तसाच घेऊन परत जाई. तेव्हां मला समजलें कीं आदल्या दिवशीं नराच्या पोटाखालीं पिल्लें होतीं. मीं तें पाहिलेंही नव्हतें. बागेचे वृद्ध मालक पाणी लावीत होते. ते म्हणाले, "सकाळीं टकाचोर येऊन गेला." मग घरट्याकडे पाहून त्यांनीं मला एवढेंच विचारलें, "काल येथें पानें होतीं ना?" मीं उत्तर दिलें नाहीं. चित्रें मात्र उत्तम आलीं. त्यांतील एक पुढें कित्येक वर्षें माझ्या घरच्या भिंतीवर होतें आणि येणारेजाणारे त्याची स्तुति करीत. मी आभार मानीत असें. पुढें एके दिवशीं तें मीं उतरवून ट्रंकेंत ठेविलें.

बुलबुलाच्या चित्रास बक्षीस कां दिलें नाहीं, हें आतां सांगतां येईल. बुलबुल आपलें घरटें झुडपाच्या गाभ्यांत करितो, तें ऊन व कावळा या दोघांपासून तें झांकलें जावें म्हणून. त्या चित्रांत घरट्यावर समोरून स्वच्छ ऊन होतें आणि एकही पान आडवें नव्हतें. इतका उजेड तेथें आपोआप पोहोंचत नाहीं. पिल्लांच्या तोंडांविषयीं सर्वांनीं कौतुक केलें. परंतु लहान पिल्लांस नीट दिसत नसतें, घरटें हललें कीं आई आली असें समजून तीं चोंची उघडतात. त्या दिवशीं तेथें आई आली नव्हती. हें मला चित्र पाहतांच कळलें. कारण तसेंच एक चित्र माझ्या ट्रंकेंत होतें. त्या विद्यार्थ्यास दोष देण्याचा माझा अधिकार नव्हता. त्यास सांगण्याचें कर्तव्य मात्र होतें, आणि तें मीं वर्षभर टाळलें. याबद्दल मी त्याची क्षमा मागतों.

तेव्हां, विद्यार्थी मित्रहो, या छंदांत पडणाऱ्यानें पक्ष्याची भीति वाचावयास शिकावें. तो मान ताठ करून आपल्याकडे पाहूं लागला, खाणें थांबविलें, वारंवार एकच साद देऊं लागला, अथवा चोंचींत भक्ष्य धरून घुटमळूं लागला, कीं आपण फार जवळ आलों आहों असें समजावें आणि हळूच मागें सरावें. विणीच्या काळांत घरट्याचा मोहच टाळावा. अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याचें चित्र न घेतल्यानें जगाचें कांहीं अडत नाहीं. पान आडवें येत असेल तर आपण जागा बदलावी, पानाची जागा बदलूं नये.

यंदाच्या प्रदर्शनासाठीं आम्हीं परीक्षकांनीं एक नियम ठरविला आहे. प्रत्येक चित्राखालीं चार ओळी लिहिलेल्या असाव्यात: पहिली, तारीख व वेळ, दुसरी, स्थळ, परंतु घरट्याचा किंवा दुर्मीळ जीवाचा नेमका ठावठिकाणा न देतां, तिसरी, किती अंतरावरून चित्र घेतलें, आणि चौथी, आपण निघालों तेव्हां तो जीव काय करीत होता. या चौथ्या ओळीस सर्वांत अधिक गुण आहेत. आपण येण्यापूर्वीं जें काम चाललें होतें तेंच आपण गेल्यावर चालू असेल, तर तें चित्र चांगलें. मग तें थोडें धूसर असलें तरी चालेल.

माझें जुनें चित्रही यंदा प्रदर्शनांत ठेवणार आहें. अर्थात् बक्षिसासाठीं नव्हे. त्याखालीं पहिल्या तीन ओळी लिहून झाल्या आहेत. चौथी अशी आहे: "मी निघालों तेव्हां नर घरट्यावर बसला होता. दुसऱ्या दिवशीं घरटें रिकामें होतें." ज्या विद्यार्थ्यानें मला तो प्रश्न विचारला होता, त्यानें तें चित्र अवश्य पाहावें, आणि माझें उत्तर त्यास पटलें कीं नाहीं तें मला सांगावें.